चौथ्या शुक्रवारची सुट्टी

एवाल्ड टांगगोरला मी पहिल्यांदा खोटं बोलताना पाहिलं तेव्हा तो अडुसष्ट वर्षांचा होता आणि माझ्या हातात गरम पावांचा ट्रे होता. त्याच्याबरोबर मी शाळेत एका बाकावर बसलेय. माझा नवरा गेला तेव्हा शवपेटीला पुढून खांदा त्याचाच होता. त्यामुळे त्याच्याबद्दल वाईट बोलायचा हक्क मला आहे, आणि तो मी वापरणार आहे.

मी कार्ना. ट्विसबेकच्या सभाघराचं स्वयंपाकघर एकेचाळीस वर्षं सांभाळतेय. लग्न, बारसं, मयत, पक्षाची सभा, सगळ्यांना कॉफी मीच ओतते. कोण कुठल्या पक्षाचा हे मला कपात किती साखर घालतो त्याइतकंच पाठ आहे.

आमच्या पश्चिम जटलंडमध्ये, डेन्मार्कच्या या टोकाला, मुलाचं नाव पाद्री ठेवतो आणि पक्ष बाप ठरवतो. एवाल्डचा बाप व्हेन्स्त्रचा, आजा व्हेन्स्त्रचा. शेतकऱ्यांचा पक्ष. आपलं शेत, आपलं गाव, आपलं आपण बघू, पण पालिका नीट चालवू, असा तो सगळा बाणा. एवाल्डने एकशे चाळीस गायी सांभाळल्या, चोवीस वर्षं पालिकेत नगरसेवक होता आणि तेवढीच वर्षं पक्षाच्या गावशाखेचा अध्यक्ष. त्याला कुणी पळताना पाहिलेलं नाही, की कर्कश बोलताना. रस्त्यातला खड्डा असो की म्हातारीच्या दारातला बर्फ, त्याला सांगितलं की दोन दिवसांत काम झालेलं असायचं, आणि ते त्याने स्वतःच फावडं घेऊन केलेलं असायचं.

त्याचा धाकटा भाऊ आयविन. प्लंबर. हाताखाली सहा माणसं. बोलायला लागला की नळ उघडा राहिल्यासारखा. दोघे भाऊ एकाच पक्षाचे, पण एवाल्डला पालिका म्हणजे आई आणि आयविनला पालिका म्हणजे सासू. लहानपणापासून हे असंच. तरी दर वर्षी मोठ्या प्रार्थनादिनाच्या आदल्या संध्याकाळी दोघे माझ्या ट्रेमधला पहिला पाव मोडून अर्धा अर्धा खायचे. त्यांच्या आईने लावलेली सवय.

हा मोठा प्रार्थनादिन म्हणजे ईस्टरनंतरचा चौथा शुक्रवार. त्या दिवशी सुट्टी, आणि आदल्या संध्याकाळी वेलचीचे गरम पाव. पूर्वी म्हणे त्या दिवशी बेकरीवाल्याला भट्टी पेटवायची बंदी होती, म्हणून आदल्या दिवशी पाव भाजून ठेवायचे आणि लोक सकाळपर्यंत धीर न धरता तेव्हाच खायचे. आम्ही तरी कुठे धरतो.

मग व्हेन्स्त्रने डावीकडच्या सोशल डेमोक्रॅटांशी मोट बांधून सरकार केलं आणि त्या सरकारने ती सुट्टीच काढून टाकली. लष्कराला पैसा हवा, सगळ्यांनी एक दिवस जास्त राबा. आम्हा निळ्या लोकांत, म्हणजे उजवीकडच्यांत, जी फाटाफूट झाली ती त्या दिवसापासून. आमची रेगित्से बोल्वी, चर्चची निवृत्त ऑर्गनवादक, पिढीजात कॉन्झर्व्हेटिव्ह, राजाच्या वाढदिवसाला पहाटे झेंडा चढवणारी. ती म्हणाली, सव्वातीनशे वर्षांची रीत आहे, जे आपल्या आधीपासून आहे त्याला हात लावू नये. माझा पुतण्या राजधानीवाल्यांच्या रागाने डेन्मार्क डेमोक्रॅटांकडे गेला. आणि आयविन म्हणाला, रीत गेली खड्ड्यात, माझा दिवस माझा आहे.

शेवटच्या सुट्टीची ती आदली संध्याकाळ. सभाघर भरलेलं, बाहेर लख्ख उजेड, पहिला पाव दोघा भावांत मोडून झालेला, मी ट्रे घेऊन दारात. आयविन उभा राहिला आणि त्याने भावाला सरळ विचारलं की हे तुला पटतं का, एवढंच सांग. एवाल्ड उठला. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्याने अख्खं भाषण केलं. युद्ध दाराशी आलंय, जबाबदारी घ्यावी लागते, एका दिवसाने कुणी मरत नाही. शब्द न् शब्द पक्षाच्या पत्रकातला. मी त्याचे कान पाहत होते. शाळेत पाठांतर चुकलं की व्हायचे तसे लाल झाले होते.

"माझ्या सहा माणसांचा एक दिवस तू देऊन टाकलास," आयविन म्हणाला. "कुणाला विचारून?"

आयविनने हातातला अर्धा पाव बशीत ठेवला आणि निघून गेला. पुढच्या आठवड्यात तो लिबरल अलायन्समध्ये गेला. कर कमी, सरकार कमी, ज्याचं त्याने बघावं, असं म्हणणारा तो पक्ष. खरं सांगायचं तर तो जन्मापासून त्याच पक्षाचा होता, फक्त त्याला पत्ता उशिरा लागला.

त्या संध्याकाळी एवाल्ड कप विसळायला माझ्याकडे आत आला आणि म्हणाला, कार्ना, मलाही नाही आवडलं. मी म्हटलं, मग मेल्या, बाहेर जाऊन सांग ना. तो म्हणाला, अध्यक्षाचं तोंड पक्षाचं असतं. मला इतका संताप आला की मी कप त्याच्या हातातून काढून घेतला. मूग गिळणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, पण हा मूग गिळून वर दुसऱ्यांना वाढत होता.

अडीच वर्षं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. गाव केवढं, तर चर्च, दुकान, शाळा आणि सभाघर. न बोलता राहायला कष्ट पडतात.

आणि मग शाळेवर संक्रांत आली. अठ्ठावन्न मुलं, सहावीपर्यंतचे वर्ग. पालिकेने ठरवलं की लहान शाळा परवडत नाहीत, बंद करून मुलांना सतरा किलोमीटरवरच्या गावी बसने पाठवायचं. एवाल्डची नात आस्ता दुसरीत. त्याच्याच घरात राहणारी सून सिग्ने सकाळी सहाला नर्सिंग होममध्ये कामाला जाते, मुलगा समुद्रावर, पवनचक्क्यांच्या दुरुस्तीला, दोन दोन आठवडे. आस्ताला शाळेत सोडायचा एवाल्ड, चालत, हात धरून. शाळा गेली की सिग्ने शहरात खोली बघणार होती, तिने स्वच्छ सांगितलं होतं. म्हणजे गावाची शाळा जाणार होती आणि एवाल्डचं घरही रिकामं होणार होतं.

यावरही आम्हा निळ्यांची तीन तोंडं तीन दिशांना. एवाल्ड म्हणे, गावाला शाळा देणं पालिकेचं काम आहे, मी माझ्याच पक्षाच्या महापौराविरुद्ध मत देईन. रेगित्से म्हणे, शाळा राहिलीच पाहिजे, नाहीतर चर्चमध्ये भजन म्हणायला मूल उरणार नाही. आणि आयविन म्हणे, बंद करू दे. आपण पालकांनी मिळून स्वतःची मुक्त शाळा काढू. हे सभाघर आजोबांनी बांधलं तेव्हा ते पालिकेकडे अर्ज घेऊन गेले होते का?

यातली गंमत अशी की मुक्त शाळा ही मुळात व्हेन्स्त्रच्या शेतकऱ्यांचीच कल्पना. एवाल्डच्या आजोबांनीच अशी एक शाळा चालवली होती. पण एवाल्ड चोवीस वर्षं प्रत्येक सभेत सांगत आला होता की मुक्त शाळा पालिकेच्या शाळेची मुलं खाते. माणूस एखादी गोष्ट चोवीस वर्षं बोलला की ती त्याच्या दाताला चिकटते.

निवडणूक नोव्हेंबरात. आता तो करार आला, ज्याच्यापायी हे सगळं झालं. आमच्याकडे पालिका निवडणुकीआधी पक्ष आपापसात लिहून देतात की आमची मतं एकाच हंड्यात ओता. आघाडीला किती जागा ते आधी ठरतं आणि मग आत वाटणी होते. एकेकट्या पक्षाची उरलीसुरली मतं वाया जायची ती अशी एकत्र होऊन एखादी जादा जागा निघते. आजवर ती जादा जागा व्हेन्स्त्रच्याच पदरात पडली होती. मोठा भाऊ ना. लहान पक्षांनी मतं आणायची आणि व्हेन्स्त्रने जागा न्यायची.

शाखेतले लोक म्हणाले, फुटून गेलेल्यांशी करार कशाला? एवाल्ड अडून बसला. निळ्यांनी आपसात कितीही भांडावं, पण सोशल डेमोक्रॅटांना जागा आंदण द्यायची नाही, असं त्याच्या बापाने सांगितलं होतं. शिवाय हिशेब साधा होता: आयविनच्या पक्षाची वाया जाणारी मतं आपल्याला मिळतील, आपली सातवी जागा पक्की होईल, आणि सातवा मी. मग शाळा वाचेल.

सह्या माझ्या स्वयंपाकघरात झाल्या. रेगित्सेने स्वतःचं शाईचं पेन आणलं होतं. भाऊ ओट्याच्या दोन टोकांना. आयविनने सही करण्याआधी पेन खाली ठेवलं आणि बोलला, अडीच वर्षांत पहिल्यांदा.

"ऐक. मी निवडून आलो तर शाळा बंद करायच्या बाजूने हात वर करीन. नंतर म्हणू नकोस की भावाने गळा कापला."

एवाल्ड चक्क हसला. "तू कशाला निवडून येतोयस," म्हणाला, आणि सही केली.

मी तिथेच होते. मी बोलायला हवं होतं. पण मलाही तेच वाटलं, आयविन कुठला निवडून येतोय. आपण त्याला लहानपणी नाक पुसताना पाहिलेलं असतं ना, त्याचा हा तोटा.

मतदान शाळेच्याच व्यायामशाळेत झालं. दिवसभर टेबलावर सगळ्या पक्षांची माणसं शेजारी शेजारी बसून याद्या तपासत होती, माझे कलेजीचं सारण लावलेले ब्रेड खात होती. दुसऱ्या दिवशी नावानिशी मोजणी झाली आणि दुपारी रेगित्से सायकल हातात धरून माझ्या दारात आली. चेहरा पाहूनच मी खुर्ची पुढे केली.

करारामुळे आघाडीला खरंच एक जादा जागा निघाली होती. एवाल्डचा हिशेब तिथपर्यंत बरोबर. पण व्हेन्स्त्र आता पूर्वीचा मोठा भाऊ राहिला नव्हता. सुट्टीवरून, सरकारवरून माणसं गळाली होती. आत वाटणी करताना ती जागा अकरा मतांनी लिबरल अलायन्सकडे गेली, त्यांची दुसरी, आणि दुसरा होता आयविन. एवाल्डला स्वतःला भावाच्या दुप्पट मतं होती, तरी चोवीस वर्षांनी तो बाहेर. हेही एक वेळ चाललं असतं. पण करार नसता तर ती जागा गेली असती सोशल डेमोक्रॅटांच्या हेले माये या नर्सला, आणि तिने ट्विसबेकची शाळा राखायचं लेखी वचन दिलं होतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बापाचा शब्द पाळला आणि नातीची शाळा घालवली.

फेब्रुवारीत पालिकेत मत झालं. आयविनने सांगितल्याप्रमाणे हात वर केला. अकरा विरुद्ध दहा. एवाल्ड प्रेक्षकांच्या बाकावर बसला होता, मांडीवर टोपी. परत येताना गाडी मीच चालवली. सतरा किलोमीटर बोलले ती मीच. म्हटलं, आयविनने तुला फसवलं नाही. तोंडावर सांगितलं होतं. तू मात्र त्या संध्याकाळी त्याला पत्रक वाचून दाखवलंस. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. मला वाईट वाटलं, पण शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत.

गाव क्रूर झालं. कुणी भांडलं नाही, आमच्याकडे भांडत नाहीत. दुकानात त्याला पाहिलं की लोक पिठाच्या फळ्यांकडे वळायचे, घरी पोतंभर पीठ असलं तरी. आयविनवर कुणी फारसं चिडलं नाही, तो जे बोलला ते त्याने केलं. सगळा राग एवाल्डवर, कारण सगळा विश्वासही त्याच्यावरच होता. सिग्ने त्याच्याशी कामापुरतं बोलायची. आस्ताने एकदा माझ्यासमोर विचारलं, आजोबा, बसमध्ये तुम्ही पण येणार ना? तो उठून गोठ्यात गेला. गोठ्यात आता गायी नाहीत.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी आयविनने मुक्त शाळेची सभा बोलावली. सभाघर भरलं, पण भरण्यात उत्साह नव्हता. पहिल्या वर्षी कायद्याने चौदा मुलं हवीत. आयविनने शाळेचं नाव, वेळापत्रक, वर्षाचं कॅलेंडर सगळं भिंतीवर टाचलं होतं आणि नळ उघडा सोडला होता. स्वातंत्र्य, निवड, आपला हक्क. लोक कॉफी ढवळत बसले. दुपारपर्यंत तेरा नावं झाली. मग कुणी उठेना. बाकीचे आईबाप एकमेकांकडे पाहत होते. प्लंबरच्या हातात नळ देणं वेगळं आणि पोर देणं वेगळं.

सिग्ने तिसऱ्या रांगेत आस्ताला घेऊन बसली होती. आयविनने तिला विचारलं. ती म्हणाली, शहरातली खोली पाहून ठेवलीय, एक तारखेपर्यंत कळवायचंय. आणि सासरे काय म्हणतात ते कळल्याशिवाय मी पोरीचं नाव कुठेच लिहिणार नाही. सगळ्यांच्या माना मागे वळल्या.

एवाल्ड दाराजवळ उभा होता. कधी आला ते मी पाहिलं नव्हतं. लाकडी बूट त्याने बाहेर काढून ठेवले होते आणि नुसत्या मोज्यांवर होता. मला वाटलं, आता हा पुन्हा ते चोवीस वर्षांचं पाठांतर म्हणणार, पालिकेचं काम, मुलं खाते, वगैरे. मी मनात म्हटलं, एवाल्ड, आज जर पत्रक काढलंस तर किटली तुझ्या डोक्यावर ओतीन.

तो चालत पुढे गेला. न पळता, नेहमीसारखा. माझ्या एप्रनच्या खिशातली पेन्सिल त्याने जाता जाता उचलली. भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभा राहिला, बोटाने ईस्टर शोधला, तिथून चार शुक्रवार मोजले, आणि चौथ्याभोवती गोल केला. मग त्या चौकोनात मावेल एवढ्या अक्षरांत लिहिलं: मोठा प्रार्थनादिन, सुट्टी.

मुक्त शाळेला आपल्या सुट्ट्या आपण ठरवता येतात. आयविनला हे माहीत होतं, पण सगळ्या उत्साहात त्याला ते सुचलं नव्हतं. तो त्या गोलाकडे बघत राहिला. मग तेच वाक्य बोलला, पण आवाज त्या संध्याकाळचा नव्हता.

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही," एवाल्ड म्हणाला. "मला तेव्हाही नव्हतं पटलं. तेव्हा सांगायला हवं होतं." मग भावाकडे वळून म्हणाला, "आजोबांनी तरी कुणाला विचारलं होतं?"

रेगित्सेने नाक शिंकरलं. मी रडले, त्यात लपवायचं काय.

आयविनने खुर्ची ओढून भावाला बसायला दिली आणि मला विचारलं, कार्ना, पाव आहेत का? मी म्हटलं, मार्चात कुठले आणू वेलचीचे पाव, साध्या बिस्किटांवर भागवा. तर त्याने माझ्या डब्यातलं एक बिस्किट घेतलं, मोडलं, आणि अर्धं समोर धरलं. एवाल्डने घेतलं. चावताना तो म्हणाला की मत मात्र मी व्हेन्स्त्रलाच देणार. आयविन म्हणाला, दे, वाया घालव.

सिग्ने उठली, टेबलापाशी आली आणि यादीवर चौदावं नाव लिहिलं.